मैदान वाळवण्याची गोष्ट

माझा भाऊ ब्रेंट काडलेक कॉलेजात चार वर्षं बेसबॉल खेळला आणि त्यानंतर तीन उन्हाळे मायनर लीगमध्ये, म्हणजे मोठ्या संघांच्या अगदी तळच्या पायरीवर. तिथून वर तो कधी गेला नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण आमच्या ऑटर फोर्कमधले लोक नव्या माणसाला ब्रेंटची ओळख करून देताना नेमकं एवढंच गाळतात. गावात दोन हजार माणसं, दोन चर्च, धान्याचं एक उंच कोठार आणि एक ब्रेंट, त्यामुळे त्याचं कौतुक जरा जास्तच होतं. मी लॉर्ना, त्याची चार वर्षांनी मोठी बहीण. मी शाळेची बस चालवते. गेली अकरा वर्षं त्याच्या क्लबच्या मैदानाचं गवत कापते, चुन्याच्या रेघा आखते आणि मॅचच्या दिवशी खाऊच्या खिडकीत उभी राहून हॉट डॉग विकते. माझं कौतुक कुणी केल्याचं मला आठवत नाही.

क्लब त्यानं काढला तो रागापोटी. शहरातले क्लब पोरांची परीक्षा घेतात, निम्म्यांना घरी पाठवतात आणि उरलेल्यांच्या आईबापांना दर शनिवारी दोनदोनशे मैल पळवतात. ब्रेंटचा नियम एकच, जो येईल तो खेळेल. चेंडू आला की डोळे मिटणारं पोर असलं तरी खेळेल. गावानं कोठारामागची जमीन करारानं क्लबला दिली. त्या करारात ब्रेंट प्रमुख आहे आणि मी सेक्रेटरी. ब्रेंट गावात नसेल तेव्हा मैदान माझ्या ताब्यात आणि अवजारांच्या शेडची किल्ली कायम माझ्याकडे, असं त्यात चक्क लिहिलेलं आहे. सही करताना मला हसू आलं होतं.

आता ती गोष्ट. दर वसंतात चर्चमध्ये पॅनकेकची न्याहारी असते आणि पोरं 'कोच, ती आगीची सांगा' म्हणून मागे लागतात. मग ब्रेंट काटा खाली ठेवतो आणि सुरू करतो. तो दक्षिणेत खेळायचा तेव्हा तिथल्या मैदानाचा राखणदार एक म्हातारा होता. एकदा मॅचच्या आधी धो धो पाऊस पडला. खेळाडू पळतात ती बेसच्या मधली लाल माती म्हणजे नुसता चिखल. म्हाताऱ्यानं दोन कॅन पेट्रोल आणलं, मातीवर ओतलं, काडी ओढून टाकली. भप्पकन जाळ उठला. आणि पोरांनो, अर्ध्या तासात माती पावासारखी कोरडी. इथे पोरं टेबलं बडवतात. सरावाच्या वेळची धरून मी ही गोष्ट निदान चाळीस वेळा ऐकली असेल. पहिल्या वर्षी जाळ गुडघ्याएवढा होता, मागच्या वर्षी तो छपराला लागला.

आमच्या मैदानाचं दुखणं असं की पाणी जिरत नाही. आमची पोरं खेळतात त्या लीगचा नियम आहे, यजमान संघानं दुपारी एकपर्यंत मैदान खेळण्याजोगं करून द्यायचं, नाहीतर मॅच गेली. मागच्या वर्षी आमच्या अशा दोन मॅच गेल्या. तिसरी गेली की घरच्या, म्हणजे आमच्या मैदानावरच्या, मॅच बंद, असं पत्रच आलं होतं. घरच्या मॅच बंद म्हणजे क्लब बंद. आमच्याकडच्या आईबापांना शनिवारी कामं असतात, कुणाचं दुकान, कुणाची डुकरं. ते कुठे गावोगाव फिरणार? बारा वर्षांच्या संघात मोजून नऊ पोरं उरली होती. त्यातलं एक गेलं तरी संघ नाही.

एप्रिलमधल्या पहिल्या मॅचच्या आधी तीन दिवस पाऊस पडला. शनिवारी सकाळी सातला थांबला. आठला ब्रेंटचा फोन आला. कोल्टन, आमचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, त्या शनिवार-रविवारी बापाकडे होता. आईबाप वेगळे झाल्यापासून हे असं चालतं. बाप साठ मैलांवर राहतो आणि नेमका त्याचा ट्रक बंद पडला होता.

"मी आणतो त्याला," ब्रेंट म्हणाला. "साडेदहापर्यंत येतो. तोवर पाणी काढत राहा."

पाणी काढायला मी, पशुखाद्याच्या दुकानवाला वेस श्रेडर आणि आणखी दोन बाप असे चौघं होतो. आम्ही झाडूनं पाणी लोटलं, स्पंजनं टिपलं, पानं उडवायच्या यंत्रानं वारा घातला. वेसनं दुकानातून मांजरांच्या शीच्या खोक्यात घालतात त्या पाणी शोषणाऱ्या मातीची दहा पोती आणून ओतली. साडेनऊला अशी अवस्था होती की दुसऱ्या बेसपाशी माझा बूट रुतला आणि पाय मोज्यासकट बाहेर आला. दोघं बाप हसले. मी घड्याळ बघितलं.

वेस माझ्याजवळ आला. "लॉर्ना, शेडमध्ये गवत कापायच्या यंत्राचं पेट्रोल आहे ना?"

त्याच्या डोक्यात काय आहे ते मला लगेच कळलं. मी म्हणाले, तसलं काही नको.

"अगं, ब्रेंट दरवर्षी सांगतो. त्यानं डोळ्यांनी पाहिलंय. आणि तुला दुसरं काही सुचतंय का?"

सुचत नव्हतं. मी ब्रेंटला फोन लावला, लागला नाही. त्या रस्त्याला मध्ये दहा मैल फोनच चालत नाही. दुसऱ्यांदा लावला. मग खिशातून किल्ली काढली आणि वेसच्या हातावर ठेवली. पुढे मी स्वतःला बरीच कारणं दिली, क्लबची काळजी, पोरांचं तोंड, घड्याळ. ती सगळी खरी होती. पण चाळीस वेळा ऐकलेलं एकदा बघावं, असंही मला वाटलं होतं. हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही.

शेडमध्ये दोन कॅन निघाले, वेसच्या गाडीत चार. सहाही कॅन ओतले आणि वेसनं पेटता कागद टाकला. जाळ उठला खरा. वेसच्या भुवया गेल्या. आम्ही मागे पळालो, थोडं हसलोही. दोन मिनिटांत जाळ विझला आणि खाली पाणी होतं तसंच होतं, वर तेलकट रंग आणि डोकं धरून ठेवणारा वास. तेवढ्यावर थांबावं की नाही? पण वेस म्हणाला पेट्रोल कमी पडलं, आणि दुकानातून आणखी चार कॅन घेऊन आला. मी नको म्हणाले नाही.

ब्रेंट आला तेव्हा दुसरा जाळ विझत होता. कोल्टन ग्लोव्हनं नाक झाकून गाडीतून उतरला. मला वाटलं ब्रेंट ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो खेळाडूंच्या बाकावर जाऊन बसला आणि बराच वेळ त्या काळ्या पडलेल्या मातीकडे बघत राहिला. मी शेजारी बसले. सांगितलं, किल्ली मी दिली, तू दरवर्षी सांगतोस म्हणून दिली.

"त्या दिवशी मॅच झाली नाही, लॉर्ना," तो म्हणाला.

"कुठल्या दिवशी?"

"म्हाताऱ्यानं जाळलं त्या दिवशी. माती वरून भाजली आणि आतून ओलीच राहिली. वासानं दोन खेळाडूंना उलट्या झाल्या. म्हाताऱ्याला त्याच संध्याकाळी काढून टाकलं. महिनाभर आम्ही दुसऱ्या गावात खेळलो."

"आणि हे तू कधीच सांगितलं नाहीस?"

"पोरं जाळापाशी हसायची. मग मी तिथेच थांबायला लागलो." मग म्हणाला, "त्या दिवशी पिचिंग माझं होतं. वरच्या संघाचा माणूस मला बघायला आला होता. पुन्हा काही तो आला नाही."

मला इतका संताप आला की बाकावरून उठून मी खाऊच्या खिडकीत गेले आणि उकळत ठेवलेल्या साठ हॉट डॉगखालचा गॅस बंद केला. एवढा मोठा बाप्या, पंचेचाळीस वर्षांचा, पोरांनी टेबल बडवावं म्हणून गोष्ट अर्धी सांगतो. आणि मी चाळीस वेळा ऐकली, पण मॅच कोण जिंकलं हे एकदाही विचारलं नाही.

पंचांनी मैदानावर पाय ठेवायला नकार दिला. शेजारच्या कुणीतरी अग्निशमनवाल्यांना बोलावलंच होतं. मंगळवारी राज्य सरकारच्या पर्यावरण खात्यातला माणूस आला, निळे हातमोजे घालून. त्यानं मातीत जागोजाग केशरी झेंड्या रोवल्या आणि सांगितलं, फूटभर माती उकरून काढावी लागेल, या वर्षी इथे कुणी खेळायचं नाही. बोलायला फार सभ्य होता. बेसबॉलच्या बापांचा हा त्याचा पहिला अनुभव नाही, असंही म्हणाला.

लीगनं मोठेपणा दाखवला. एक वर्ष सुट्टी घ्या, मैदान नीट झालं की परत या, असं कळवलं. म्हणजे सगळं त्या जमिनीवर आलं. जमीन राहिली तर क्लब राहणार होता. आणि करारात कलम होतं, क्लबनं जमीन खराब केली तर गाव ती परत घेईल. पण क्लबच्या परवानगीशिवाय कुणी बाहेरच्यानं खराब केली तर करार चालू, निस्तरायचं त्या माणसानं. हे क्लबच्या प्रमुखानं गावसभेत तोंडानं सांगायचं, मग मतदान.

वेस तर स्वतःहून तयार होता. दोनदा घरी आला, टोपी हातात घेऊन. "माझं नाव घे, ब्रेंट. विमावाला म्हणतो होईल काहीतरी. मीच ओतलं, मीच पेटवलं." माणूस इतकं म्हणतोय आणि आमचा शहाणा काय म्हणतो? बघू.

त्या 'बघू'नं माझ्या डोक्यात तिडीक जायची. तीन आठवडे मी त्याच्या मागे लागले. फोनवर, त्याच्या स्वयंपाकघरात, चर्चच्या मागच्या पार्किंगमध्ये, जिथे तो नऊ पोरांना झेल पकडायला शिकवत होता. दुसऱ्या आठवड्यात ती सात झाली. मी त्याला म्हणाले, तू साठ मैलांवर होतास, देवाशपथ खरं सांगायचंय, त्यात एवढं जड काय आहे? तो पोराला म्हणाला, कोपर वर ठेव. मी किराणा दुकानात त्याच्याबद्दल बोलले, बसच्या डेपोत बोलले, ज्याला त्याला सांगितलं की माझ्या भावाला साधुपणाचा झटका आलाय.

सभा मे महिन्यातल्या एका गुरुवारी होती, गावाच्या छोट्या सभागृहात, घडीच्या खुर्च्या आणि पातळ कॉफी. मी रिवाजाप्रमाणे भाजलेल्या चॉकलेट वड्यांचा डबा नेला होता. समोर पाच सदस्य, मधोमध अध्यक्ष मार्लिस होव्ह. मार्लिस माझ्या वर्गातली, शाळेत माझ्याकडे बघून गणितं उतरवायची. तिनं कागद वाचला, चष्मा काढला आणि ब्रेंटकडे बघून एकच प्रश्न विचारला.

"ब्रेंट, जे झालं ते क्लबच्या परवानगीशिवाय झालं ना?"

प्रश्न कसा विचारलाय बघा. 'ना' तिनं स्वतःच जोडून दिला होता. त्याला फक्त मान हलवायची होती. वेस मागच्या रांगेत उठून उभा राहायच्या तयारीत बसला होता, भुवया नुकत्या कुठे उगवत होत्या. ब्रेंटनं एकदा माझ्याकडे बघितलं. मी डोळे वटारले, बोल.

"परवानगीनं झालं," ब्रेंट म्हणाला. "क्लब माझा आहे. जबाबदारी माझी."

मार्लिसनं पुन्हा विचारलं, सावकाश, बहिऱ्याला विचारावं तसं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं. सदस्यांनी एकमेकांकडे बघितलं, मग कुणी वर बघेना. हात वर झाले. पाच. अकरा वर्षं मी ज्या जमिनीचे दगड वेचले ती चार मिनिटांत गेली. मागे कोल्टनची आई बसली होती. तिनं पर्स उचलली आणि कुणाशी न बोलता निघून गेली.

ट्रकमध्ये बसेपर्यंत मी तोंड मिटून ठेवलं. दार लावलं आणि सुटले. काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. तुला हरायचीच सवय लागलीय, असं म्हणाले ते आठवतं. त्या पोरांचं काय, असं विचारलं. वेस स्वतः मान पुढे करत होता आणि तुला एक 'हो' म्हणता आलं नाही, असं म्हणाले. गाडी मी चालवणार होते, पण किल्ली लावायचंच राहून गेलं.

तो समोरच्या काचेकडे बघत बसला होता. माझं संपल्यावर म्हणाला, "परवानगी नव्हती म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न काय आला असता?"

"काय?"

"शेड कुणी उघडली. कुलूप तर फुटलेलं नाही. आणि कागदावर किल्ली एकाच माणसाच्या नावावर आहे." मग हळूच म्हणाला, "आगीच्या प्रकरणात नाव आलेल्या बाईच्या बसमध्ये शाळा साठ पोरं बसवेल का, लॉर्ना? तुला निवृत्तीला सहा वर्षं राहिलीत."

तीन आठवडे मी या माणसाला गावभर मूर्ख म्हणत फिरले होते. माझ्यासमोर एकदा तोंड उघडलं असतं तर मी स्वतः जाऊन सांगितलं असतं, म्हणूनच तो गप्प राहिला असणार, हेही मला तेव्हाच कळलं. राग गेला नाही. तो फक्त कुणावर काढायचा ते समजेनासं झालं.

"माझा डबा राहिला आत," मी म्हणाले आणि उतरले.

सभागृहात मार्लिस एकटीच कॉफीचं भांडं विसळत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"शेड मी उघडली. किल्ली मी दिली, ब्रेंटला न विचारता. वेसनं चोरली नाही, मी हातावर ठेवली. लिहून घे आणि मतदान परत घे."

मार्लिसनं नळ बंद केला. "माहितीये मला."

"काय माहितीये?"

"किल्लीचं. वेसनं पहिल्याच दिवशी सांगितलं. आम्हा पाचही जणांना माहितीये."

"मग?"

"मग काय? आमचं ठरलं होतं. एकच प्रश्न विचारायचा आणि पुढे जायचं. शेडचं नाव कुणीही काढणार नव्हतं, लॉर्ना. तुझी बस बंद पडली तर माझीच नातवंडं शाळेत चालत जाणार. तो 'हो' म्हणाला असता की मी लगेच गटाराचा विषय घेणार होते." तिनं भांडं पुसायला घेतलं. "दोनदा विचारलं मी त्याला. आणखी काय करायला हवं होतं?"

मी म्हणाले, आधी त्याच्या कानावर घालायचं होतं. ती म्हणाली, सभेच्या आधी त्याच्याशी बोलणं नियमात बसत नाही. मला सांगावं असं तिच्या मनात आलं होतं. पण मी तर जिथे तिथे ओरडत होते की वेसचं नाव घे, तेव्हा तिला वाटलं माझं आणि ब्रेंटचं सगळं बोलणं झालेलं आहे. आता त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं लिहिलं गेलं होतं, पाच हात वर झाले होते आणि सकाळी कागद राज्याच्या खात्याकडे जाणार होता. रडवेली झाली होती तीही. तिनं मला डबा दिला. वड्या तशाच होत्या, कुणी हात लावला नव्हता.

मी ट्रककडे परत आले. जमीन गेली होती, क्लब गेला होता, आणि जो प्रश्न चुकवण्यासाठी त्यानं हे सगळं घालवलं तो प्रश्न कुणी विचारणारच नव्हतं. तोंडाला येईल ते बोलून टाकायची माझी जन्माची खोड. दार उघडेपर्यंत ते सगळं माझ्या जिभेवर होतं.

ब्रेंटनं डबा माझ्या हातातून घेऊन मांडीवर ठेवला. "एवढा वेळ? काय म्हणत होती मार्लिस?"

"काही नाही," मी म्हणाले. "म्हणाली, त्यानं 'हो' म्हटलं असतं तर शेडचं विचारावंच लागलं असतं."

"बघ," तो म्हणाला. "तरी मी तुला सांगत होतो."

तीन आठवड्यांत पहिल्यांदाच तो पाठ टेकून नीट बसला. डब्याचं झाकण उघडून त्यानं एक वडी तोंडात टाकली, एक माझ्यापुढे धरली. मी ती घेतली आणि गाडी सुरू केली.